एल्साबाईंचं पान

६ नोव्हेंबर, सोमवार

बाईंनी आज पुन्हा शिरा तसाच ठेवला. एक चमचा चाखला, हसल्या, वाटी बाजूला. साजूक तुपातला शिरा! परत आलेली वाटी घेऊन कुसुम माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच तो नाकारला.

चार दिवस झाले. हॉलंडहून आलेली ही बाई, नाव एल्सा, कापसाचा अभ्यास करायला मुकुटबनात उतरली आहे. कापूस कसा बुडाला, लोक कसे जगतात, हे लिहून नेणार. राहते निवृत्त गुरुजींच्या माडीवर, दोन्ही वेळ जेवते आमच्या खानावळीत. बसस्टँडला दुसरं भोजनालय आहे, पण गुरुजींनी तिला माझ्याकडे आणलं. तेव्हा छाती फुगली होती. आता उतरायला लागली आहे.

खरेदी केंद्र अजून उघडलं नाही, जिनिंग बंद. म्हणजे गाडीवाले नाहीत, हमाल नाहीत, जेवणारे नाहीत. सहा टेबलं. त्यातल्या एकावर हॉलंड, बाकीच्यांवर माश्या.

७ नोव्हें.

आज बाईंनी इरफानभाईकडून विचारून घेतलं. इरफानभाई त्यांची जीप चालवतो. मूळचा गॅरेजवाला, अकरा वर्षं कुवेतमध्ये मेकॅनिक होता, इंग्रजी तिथूनच आणलं.

"मॅडम पुसून राह्यल्या, इथले लोक आपल्या घरी काय खाते?"

मी त्यांच्याच ताटाकडे बोट दाखवलं. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, पापड, शिरा. म्हटलं, हेच.

"सुधाकरभाऊ, खुदा से डरो. रोज पुरी कोन खाते तुमच्या घरी?"

"तू सांग ना बाबा, हेच."

सांगितलं त्यानं. बाईंनी लिहून घेतलं.

जाताना म्हणतो, "एक दिवस भाकर अन ठेचा देऊन तं पाहा. खुश होईन ते बाई." यावर आतून कुसुमचा आवाज आला, "पाव्हन्यापुढं भाकर? लोक तोंडावर थुकतीन." या एका बाबतीत आम्हा नवराबायकोचं एकमत आहे. आपल्याकडे जावई आला, व्याही आला, साधा तलाठी आला तरी तवा पोळीचाच. भाकर घरच्या माणसाची. पाहुण्यापुढे ठेवली म्हणजे तू आलास काय नि न आलास काय, असंच सांगितल्यासारखं. खानावळीतही मी भाकर ठेवत नाही. जी प्रत्येकाला घरी मिळते ती खायला माझ्याकडे कोण येईल?

आम्ही दोघं मात्र गिऱ्हाईक उठलं की मागं चुलीपाशी बसून भाकरच खातो. मला तिच्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

८ नोव्हें.

वणीला जाऊन श्रीखंड आणलं. येताना बसभर डबा मांडीवर. बाई म्हणाल्या, फार गोड आहे.

पापड तेवढा खाल्ला.

९ नोव्हें., गुरुवार

घात झाला.

बाई दोनला जेवून गेल्या. तीनच्या सुमाराला आम्ही बसलो. अंबाडीची भाजी, कण्या घालून, वर लसणाची फोडणी. ज्वारीची भाकर, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. या हंगामातली शेवटची अंबाडी असेल. दुसरी भाकर नुकतीच मोडली होती.

बाईंचा चष्मा टेबलावर राहिला होता. त्या परत आल्या, बाहेर कोणी दिसलं नाही म्हणून पडदा सारून थेट आत. खोकणं नाही, हाक नाही.

कुसुमनं झटक्यात माझ्या ताटावर परात पालथी घातली. मी हातातला घास पाठीमागे नेला. पन्नाशीचा माणूस, स्वतःच्या घरात, स्वतःचं जेवण लपवत बसलो! बोटांतून भाजीचं पाणी गळत होतं. बाई परातीकडे बघतात, माझ्या लपवलेल्या हाताकडे बघतात, मग बाहेर वळून टेबलावरच्या पोळ्यांच्या टोपल्याकडे. त्यात सात-आठ पोळ्या होत्या, संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी झाकून ठेवलेल्या.

हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या आणि चष्मा घेऊन गेल्या. चेहरा पार उतरलेला.

संध्याकाळी पान मांडून ठेवलं. आल्या नाहीत.

१० नोव्हें.

सकाळी नाही, दुपारी नाही. शेवटी इरफानभाईला गाठलं.

"मॅडम म्हनते, मी त्यायच्या तोंडचा घास खाऊन राह्यली. मले पुऱ्या घालते अन स्वतः लपून वाळली भाकर खाते. म्हनते, आता मी त्यायच्या घरी जेवनार नाही."

वाळली? तव्यावरून उतरून पाच मिनिटं झाली नव्हती तिला!

आणि जेवते कुठे, तर बसस्टँडच्या बाकावर. केळी आणि बिस्किटचा पुडा. तिथलं भोजनालयही नको तिला. सगळ्या गावादेखत. आतापर्यंत तीन जण येऊन विचारून गेले. "काय सुधाकर, पाव्हनी रुसली काय?" चौथा न विचारता नुसता हसून गेला, तो जास्त लागला. खानावळवाल्याचं पाहुणं केळी खाऊन दिवस काढतं, यापेक्षा नाचक्की काय असते? ती आठवडाभरात जाणार. गेल्यावर हेच राहणार गावात.

काहीही करून तिला परत पानावर बसवायचं. एकदा तरी.

११ नोव्हें., शनि.

गुरुजींच्या माडीवर गेलो, इरफानभाईला घेऊन. जे झालं ते असं.

मी म्हटलं, आम्हाला भाकर आवडते, म्हणून खातो. बाई म्हणाल्या, तुम्ही फार चांगले लोक आहात, म्हणून असं म्हणता.

मी म्हटलं, पोळ्या घरात आहेत, गहू आहे. रेशनवर गहू स्वस्त मिळतो, ज्वारीच महाग पडते, कारण सगळ्यांनी कापूस लावला आणि ज्वारी पेरायचं सोडलं. हे ऐकून बाईंचा चेहरा आणखी लांब झाला. भराभर लिहायला लागल्या. म्हणजे तुमच्या भाकरीचं धान्यसुद्धा कापसानं खाल्लं, असं काहीसं. तसं ते खोटं नाही. पण मी ते त्यासाठी सांगत नव्हतो ना!

मग त्यांनी एकच विचारलं. आवडतं तर लपवलं का?

आता याला काय सांगायचं? म्हटलं, पाहुण्यानं बघू नये म्हणून. का बघू नये? लाज वाटते. इरफानभाईनं ते जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण बाईंनी छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

जेवढं बोललो तेवढा खड्ड्यात गेलो. जिना उतरताना इरफानभाई म्हणतो, "अजून एक गोष्ट हाये, सांगू का नको? त्यायच्या मुलखात ज्वारी गुरांले घालते."

घरी येऊन हे कुसुमला सांगितलं. सांगायला नको होतं.

"गुरांचं? म्हंजे मी बावीस वर्सं गुरांचं रांधून राह्यली काय?" परात आपटली, कढई आपटली. मला म्हणते, "अन तुमी आयकून आले! तोंड नव्हतं काय तुमाले?"

होतं. दिवसभर तेच वाजवत होतो.

१३ नोव्हें.

काल लिहिलं नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं.

आज पंचायतीतले बळीरामभाऊ आले. मला वाटलं जेवायला. चहा घेतला आणि मुद्द्यावर आले.

"तू कायले तिच्या मागं लागला? लिहू दे ना जे लिहिते ते. बाहेरच्या देशात छापून येईन, कोनाले दया आली तं गावाले काही भेटन. शाळेले, दवाखान्याले."

"भाऊ, पण आम्ही उपाशी नाही."

"कोन म्हनते तू उपाशी हाय? दिसला तं काय बिघडलं? कापूस बुडून दोन वर्सं झाले, साध्या मानसाकडं कोनी पाह्यलं काय इथं?"

चीड आली. बळीरामभाऊ काही वाईट माणूस नाही. त्याच्या वॉर्डात कापूस घरात पडून आहे लोकांच्या, झोपायला जागा नाही एवढा, आणि घेणारा नाही. त्याला वाटतं, माझ्या एका परातीखालून गावाचं काही निघत असेल तर निघू दे. मला वाटतं, माझं ताट ते माझं ताट. ते दाखवून कुणी काही मागू नये. कुसुमला हे बोललो तर म्हणाली, दोघंबी माझ्या सैपाकावर भांडून राह्यले, अन मले कोनी पुसत नाही. मी म्हटलं, तू मध्ये पडू नको.

१४ नोव्हें., मंगळ.

आज जे केलं ते लिहायचीसुद्धा लाज वाटते.

युक्ती सुचली होती. बोलून पटत नाही तर डोळ्यांनी बघू दे. डब्यात दोन भाकरी, ठेचा, कांदा घेतला आणि गुरुजींच्या ओसरीत बाईंच्या समोर जाऊन बसलो. इरफानभाईला म्हटलं, सांग, मी इथे आनंदानं जेवणार आहे, तुम्ही नुसतं बघा. गुरुजी चष्म्यावरून बघत होते. त्यांना वाटलं असेल, माणूस गेला कामातून.

पहिले चार घास फक्कड. हसून दाखवलं. वा वा म्हटलं. पण कुसुम तीन दिवसांपासून रागावलेली आणि तो सगळा राग तिनं ठेच्यात कुटला होता. पाचव्या घासाला कानातून वाफ. नाक वाहायला लागलं. डोळ्यांतून धारा. मी तरी हसतोच आहे, वा वा म्हणतोच आहे, कारण आता थांबलो तर सगळंच बुडालं.

बाई उठल्या. जवळ आल्या. माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी.

इरफानभाई खांबाकडे तोंड करून उभा. खांदे हलत होते नालायकाचे.

"काय म्हणते ती?"

"म्हनते, बस करा. तुमच्या इज्जतीसाठी अजून किती सोसान?"

१५

दोन गिऱ्हाइकं. दोघांनी ओसरीतली गोष्ट मलाच सांगितली.

१६ नोव्हें.

बाई उद्या जाणार. नमाज झाली की इरफानभाई त्यांना घेऊन यवतमाळला निघणार, तिथून पुढे त्या नागपूरला.

मी हात टेकले. दुपारी पडून होतो. कुसुमनं पदर खोचला, चपला घातल्या आणि निघाली. कुठे म्हणेपर्यंत रस्त्यावर. अर्ध्या तासानं परत.

"येते उद्या जेवाले."

"कोण?"

"तुमचं हॉलंड."

कशी तयार झाली? इरफानभाई तर जीप घेऊन राजूरला गेलेला. बोललीस कशी? म्हणे, बोलायचं काय त्यात. हात धरला, पोटाकडं दाखवलं, आमच्या घराकडं दाखवलं. त्या नाही नाही करायला लागल्या तर हात सोडलाच नाही.

हे मला आठ दिवसांत सुचलं नाही! बरं वाटलं की राग आला, सांगता येत नाही. दोन्ही.

"मग पुरी करायची का?"

"तुमी उद्या सैपाकघरात पाय ठेवू नोका," म्हणाली.

१७ नोव्हें., शुक्रवार

सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

बाई दीडला आल्या, नमाज आटोपून इरफानभाई त्यांच्या मागोमाग. कुसुमनं त्यांना टेबलावर बसूच दिलं नाही. पडद्याच्या आत, चुलीपाशी, पाट मांडला. आम्हा तिघांचेही पाट शेजारी. तिनं सगळ्यांसमोर भाकरी थापल्या, एकेक, टाळीच्या आवाजासकट. पहिली फुगली ती बाईंच्या ताटात. अंबाडी बाजारात कुठे मिळाली तिला कोण जाणे, पण मिळवली. जवसाची चटणी, वर तेल घालून. ठेचा ठेवला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं तिनं ठेचा न ठेवताना.

बाईंनी तुकडा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला. मग दुसरा. मान हलवायला लागल्या. चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली! एवढ्या दिवसांत बाईंनी काही मागून घेतल्याचं मला आठवत नाही. दीड भाकर खाल्ली. मी मनात म्हणत होतो, झालं. फिटलं. गावात आता सांगता येईल, पाहुणी भाकर मागून जेवून गेली. इरफानभाईला कोपरानं ढोसलं, त्यानं भुवया उडवल्या. इतका हलका मी दहा दिवसांत झालो नव्हतो.

तेवढ्यात बाईंनी कुसुमला काही विचारलं. मला नाही, तिला.

इरफानभाई म्हणाला, "वहिनी, मॅडम म्हनते, घरात कोनी पाव्हना नाही, गिऱ्हाईक नाही, गहू बी आहे, ज्वारी बी आहे. फक्त तुमच्यासाठी रांधाचं आहे. मंग तुमी काय टाकान?"

मी हसलो. उत्तर मला पाठ होतं, आठवडाभर तेच तर सांगत फिरत होतो.

कुसुमनं तव्यावरची भाकर उलटली.

"पोळी," म्हणाली.

इरफानभाईनं माझ्याकडे बघितलं. "सांगू काय?"

काय सांगणार होतो मी? माझ्याच घरी, माझ्याच बायकोचं उत्तर. म्हटलं, सांग.

सांगितलं. बाईंनी हळूच मान हलवली, आपलं पहिल्यापासून खरंच होतं अशी. कुसुमच्या खांद्यावर हात ठेवला. मला काही विचारलं नाही. मी म्हणायला गेलो की तसं नाही, गहू खरंच आहे घरात, डबा दाखवतो, उघडून दाखवतो. इरफानभाई म्हणाला, "राहू द्या सुधाकरभाऊ. डबा दाखवसान तं अजून बिघडन."

तीनला जीप गेली. जाताना बाईंनी दोन्ही हात जोडले. खानावळीसमोर बरीच माणसं जमली होती. बळीरामभाऊ खूश. सगळ्यांना वाटलं, सगळं नीट झालं.

तिकडे काय छापून येणार, आता देवालाच ठाऊक. छापो.

कुसुमशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

१८ नोव्हें.

सकाळी चहाच्या वेळी शेवटी विचारलंच. पोळी का म्हणालीस?

"तिनं इचारलं म्हनून."

"मग मला इतक्या वर्षांत का नाही सांगितलं?"

"तुमी कधी इचारलं? लगन होऊन आली, दुसऱ्या दिवशी तुमच्या मायनं ज्वारीचं पीठ पुढं ठेवलं. म्हने, सुधाकरले भाकर लागते. मंग टाकत गेली. पुसदले आमच्या घरी पोळीच होती. मले भाकरीनं पोट जड होते, आजबी होते."

"आजही?"

"आजबी."

रागानं नाही म्हणाली. गावातली कुठलीशी बातमी सांगावी तशी म्हणाली, आणि कप विसळायला घेतले.

मला मात्र संताप आला. आधी त्या बाईचा, की तिला दोन आठवड्यांत दिसलं कसं. तिला काहीच समजलं नव्हतं, सगळं उलटं समजलं होतं, आणि तरी या घरात कुणीतरी मन मारून जेवतं एवढं तिला बरोबर लागलं. मग कुसुमचा, की बोलायला काय झालं होतं. मग स्वतःचा, आणि तो काही उतरत नाही. आवडते म्हणून खातो आम्ही, असं मी गुरुजींच्या माडीवर सांगितलं, ओसरीत रडून सांगितलं. आम्ही म्हणजे कोण? तीन वाजता माझ्याशेजारी बसून ती रोज किती खायची, अर्धी की पाऊण, मला सांगता येणार नाही. कधी बघितलंच नाही.

अकराला चूल पेटली. गिऱ्हाइकांच्या पोळ्या झाल्यावर तिनं दोन्ही पिठांचे डबे ओट्यावर काढून ठेवले आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली.

म्हटलं, "तुला जे पाहिजे ते टाक आज. मी खाईन."

"तसं हुकूम सोडल्यावानी नोका सांगू," म्हणाली. "इचारा."

एवढं साधं. पण जीभ उचलेना. तेवढ्यात दोन गाडीवाले येऊन बसले, केंद्र उघडणार म्हणून आदल्या रात्रीपासून रांगेत असलेले. त्यांची पानं लावायला बाहेर आलो.

ते जेवत आहेत तोवर गल्ल्यावर बसून हे लिहितोय. आतून डबा उघडल्याचा आवाज आलेला नाही. मी अजून विचारलेलं नाही.